गोठ्यातली थाळी

आये, तुझी जर्मनची थाळी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची. काविळीनं तुझे डोळे पिवळे झाले तेव्हापासून तू गोठ्यातच बसून जेवायचीस. वैदूनं डोक्यावर काड्यांची माळ ठेवली. ती सैल होत होत गळ्यात उतरली, तशी कावीळही उतरली असं सगळे म्हणाले, पण तुझं पोट पाण्यानं भरतच गेलं. मी जवळ सरकलो की तू थाळी मागं ओढायचीस. "माझ्या उष्ट्याला हात लावू नगंस. लांब बस." मी लांब बसायचो. शेवटी शेवटी तू दिवसाला रात्र म्हणू लागलीस. एका दुपारी मी पाणी घेऊन आलो, तर माझ्याकडं बघून म्हणालीस, "कुणाचा रं तू? घरला जा, तुझी आय वाट बघत आसंल."

मी तुला नकोसा होतो, एवढंच मी त्यातून घेतलं. कुणाला बोललो नाही. पुढं पिंपरीच्या कारखान्यात लागलो, चिंचवडला घर केलं, पण गणपतीपुढं डोळे मिटले की ते वाक्य मध्येच उभं राहायचं.

मागल्या वर्षी कंपनीत रक्तदान झालं. माझं रक्त परत आलं. त्यात काविळीचा विषाणू निघाला. कँटीनमध्ये शेजारी बसणारा हसत म्हणाला, "राव, तुझा कप तेवढा वेगळा ठेव हां. पोरंबाळं हायेत आमाला." मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून घरून पेला न्यायला लागलो, आणि घरीही ताट घेऊन कोपऱ्यात बसू लागलो. बायको म्हणाली, "हे सोवळं कधीपासून?" तिचं आणि मुलांचं रक्त चांगलं निघालं, तरी मी कोपरा सोडला नाही.

पुण्याच्या इस्पितळात एक डॉक्टरबाई अशाच रोग्यांचा अभ्यास करतात. ही कावीळ वर्षानुवर्षं अंगात राहिली की कुणाचं यकृत घट्ट होतं, कुणाच्या पोटात पाणी होतं, हे त्या बघतात. दर काही महिन्यांनी माझं रक्त घेतात. परवा त्यांनी विचारलं, "आईला असं काही झालं होतं? शेवटी बडबड, माणसं न ओळखणं?" मग तुझं ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

"काका," त्या म्हणाल्या, "यकृत थकलं की अंगातलं विष डोक्यापर्यंत जातं. त्यांनी तुम्हाला घालवलं नाही. तुम्ही कोण आहात हेच त्यांना कळत नव्हतं." मग म्हणाल्या, हा रोग रक्तातून जातो, बहुतेक जन्मतानाच तो तुझ्याकडून मला आला असावा. "आणि ताट वेगळं कशाला? जेवणातून नाही जात हा."

कासारवाडी येईपर्यंत मी बसमध्ये तोंड खिडकीकडं करून बसलो होतो. जे माझ्या अंगात आधीच होतं, त्यापासून मला वाचवायला तू मला लांब बसवत होतीस. मायेनंच बसवत होतीस.

हा कागद कुठं धाडायचा? घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवीन. आज नात कोपऱ्यात आली आणि माझ्या ताटासमोर तोंड उघडून बसली. लांब बस, हे शब्द ओठांवर आले होते. ते गिळले आणि तिला घास भरवला. पहिल्या घासाला मी देवाचं नाव घेतो, कधी चुकवत नाही. आज तुझं घेतलं. देवाचं नंतरही घेतलं नाही.