दादाचं पांघरूण

२ ऑगस्ट
शाळेत शिकवून आले तर अंगणातल्या दोरीवर माझी ओढणी, आईचा परकर आणि मध्ये दादाचा झेंडा. पाणी ठिबकतंय. कुंपणापलीकडे तिवारीकाका, फौजेतून रिटायर झालेले, लालबुंद. "बहनजी, तिरंगा है ये, चादर नहीं!"
आई चिमटे लावत होती. वळून न बघताच म्हणाली, "माह्या पोराचं पांघरूण हाये ते. बुरशी लागली होती, धुतलं."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांची माफी मागितली, ओलाच आत आणला. आईवर ओरडले. वाळल्यावर तिने तो नाकाशी धरला. पुन्हा धरला.
"गेला वं वास."
जेवली नाही. मीही नाही.

३ ऑगस्ट
वास कसला होता पण? दादा बस्तरच्या ड्यूटीवरून शवपेटीत आला, झेंडा पेटीवर होता. त्याच्या अंगाला लागलाच नव्हता कधी. फिनाइलचा असेल, नाहीतर गाडीचा. आईला हे सांगायचं नाही. कधीच.

६ ऑगस्ट
वस्तीच्या समितीची माणसं आली, काका पुढे. यंदा पंधरा ऑगस्टला आमच्या खुर्सीपारच्या चौकात दादाचाच झेंडा चढवायचा म्हणतात. काका म्हणाले, "बेटी, पूरी उमर इसके नीचे खड़ा रहा हूँ." माणूस खोटा नाही. त्या दिवशीचा राग तेवढ्यासाठीच होता.
बाबा असते तर लगेच हो म्हणाले असते. पोलाद कारखान्यात फर्नेसपाशी जन्म गेला त्यांचा, पण झेंड्याकडे बोट दाखवून छाती फुगवायचे, "मधलं चक्र आपलं हाये, पोरी."
आई चहा देऊन आत गेली. तिला विचारून सांगते, मी म्हणाले.
खरं लिहू? मला तो झेंडा घरात नकोय. आई दर रविवारी कपाट उघडते, मांडीवर घेऊन बसते, थोपटते. त्या वेळी मला घरात पाऊल टाकवत नाही. जाऊ दे त्याला चौकात, उन्हात. सगळ्यांचा होऊ दे.

१० ऑगस्ट
आज घरोघरी झेंडे वाटले. गल्लीत एक छप्पर मोकळं नाही. छान दिसत होतं, उगाच नाही म्हणू नये.
आई घरात नव्हती. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर, पलीकडच्या साहूंच्या दारात उभी. त्यांच्या सुनेचा हात धरून विचारत होती, "तुह्या घरचं कोन गेलं, बाई?"
ती बिचारी घाबरून नाही नाही अशी मान हलवत, "कोनो नइ गे हे, काकी, कोनो नइ."
त्याआधी अलीकडच्या दारांतही जाऊन आली म्हणे. सांत्वनाला. मी हात धरून आणलं. रस्ताभर वर बघत होती.
"सगळ्याइच्या घरी आला वं झेंडा. मले कोनी सांगतलं नाई."
आता मलाही छपरांकडे बघवेना. फडफड ऐकू आली की वाटतं, इथे कोण...

१२ ऑगस्ट
शाळेत झेंडा बांधायची तालीम. पी.टी. टीचर म्हणून हे काम माझंच. घडीत झेंडूच्या पाकळ्या, गाठ अशी की एका झटक्यात सुटावी. मुलं टाळ्या वाजवतात.
आज घडी घालता घालता हात थांबले. दादाला अग्नी द्यायच्या आधी एका जवानाने पेटीवरचा झेंडा काढून अशीच घडी घालून आईच्या हातात दिला होता. फार सफाईने. त्याच्या हाताला सवय होती. तेव्हा लक्षात आलं नव्हतं, आज आलं. कितीदा केलं असेल त्याने?
पाकळ्या सांडल्या. सर म्हणाले, मॅडम, तबीयत ठीक आहे ना.

१३ ऑगस्ट
काका विचारायला आले. मी हो म्हणून टाकलं. आई मागच्या दारी होती. भित्रेपणा, दुसरं काय.
नंतर सांगितलं. तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "चढवतीन. मंग?"
"सांजच्याले उतरवतीन, आई."
"उतरवून?"
"आणून देतीन ना. सन्मानानं. तुह्या हातात."
सूप खाली ठेवलं तिने. माझ्याकडे बघितलं. मी काय बोलून बसले ते तेव्हा कळलं.

१४ ऑगस्ट
संध्याकाळी काका झेंडा न्यायला आले. इस्त्रीचा शर्ट, पायातले बूट दाराबाहेर काढलेले. आईनेच कपाट उघडलं. मला वाटलं, नाही म्हणेल. ती झेंडा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.
"घेऊन जा, भाऊ. पन सांजच्याले आनून देऊ नका. एकदा घेतला म्या हातात. दुसऱ्यांदा नाई घेववत."
काकांनी दोन्ही हात पुढे केले, तसेच राहिले. घेता येईना, मागेही घेता येईनात.
मला हेच हवं होतं. घरातून जायला हवा होता, कायमचा जात होता, आई आपल्या हाताने देत होती.
"बेटी," काका म्हणाले, "छोड़ दो."
तेव्हा खाली बघितलं. दुसरं टोक माझ्या मुठीत होतं.
सकाळी परत येतो म्हणून गेले. आई निजली आहे. झेंडा माझ्याजवळच आहे.