रेड्याची हिंदी

अहो,

हे मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हालाही सहीपुरतंच येत होतं, तेव्हा हा कागद तुमच्या हाती पडला असता तरी तुम्ही तो उलटा धरून "झकास लिवलंय" म्हणाला असतात. नातीला बजावलंय, मी सांगते तसंच लिही, मध्ये आपलं शहाणपण घालू नकोस. ती हसते आहे. म्हटलं, तेही लिही.

आज दुपारी वीज गेली आणि वाडीतला पंप बंद पडला. एवढा वेळ धडधडत होता तो एकाएकी गप्प, आणि त्या गप्पपणात मला रहाट ऐकू आला. रहाट कुठला आता? मोडून किती वर्षं झाली, त्याची लाकडं आंघोळीच्या पाण्याखाली जळली. पण मी विहिरीपाशी सुपारी निवडत बसले होते, डोळे मिटत होते, पोफळी हलत होत्या, आणि ऐकू आलं. आधी लाकडाची करकर, मग लोट्यांतलं पाणी पन्हळीत पडल्याचा आवाज, मग रेड्याचे पाय, आणि त्या पायांमागून तुम्ही. "चल मेरी जान. धीरे, धीरे." मी दचकून पदर सारखा केला. या वयात! सुनेनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, म्हातारी झोपेत कुणाला लाजते?

तुमच्या घरी मी आले ती घोडनवरी म्हणून. मुरुडकडची मुलगी, खाडीपलीकडची, लग्नाचं वय कधीच उलटलेलं; दिघीच्या होडीतून उतरले तेव्हा सासूबाईंनी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "उंची बरी हाय. सुपारी पाडायला आकडीची काठी लागायची न्हाय." असं माझं स्वागत. घराची रीत अशी की दिवसाउजेडी नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही. पाणी हवं असलं तर तुम्ही ओटीच्या खांबाला विचारायचात, "प्यायला पाणी हाय का?" आणि खांबाच्या वतीनं मी तांब्या आणून ठेवायची. मामंजी, म्हणजे तुमचे वडील, झोपाळ्यावर बसलेले. त्यांच्यासमोर तुमचाही आवाज निघत नसे, मग माझं काय. त्यांनी सासूबाईंना आयुष्यात हाक मारली ती "अगो ऐकलंस" एवढीच, आणि तीही ताक आंबट झालं की.

तुम्ही बोटीवर खलाशी. एका फेरीहून आलात की पुढली फेरी मिळेपर्यंत घरी, कधी महिना, कधी दोन. अंगाला कोळशाचा वास, आणि तोंडात ती बोटीवरची हिंदी. एकदा शिमग्याला आलात ते म्हसळ्याच्या बाजारातून रेडा घेऊनच. आमचा जुना रेडा थकला होता आणि पोफळी तहानेल्या होत्या. या नव्याला रहाटाला जुंपलंत, डोळ्यांवर झापडं बांधलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मामंजींना सांगितलंत, "बाबा, ह्यो उत्तरेकडच्या माणसाकडचा रेडा. ह्याला मराठी कळत न्हाय. हिंदीत बोलावं लागतं."

माउलींनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. तुम्ही त्याच्या कानात काय काय सांगितलंत ते देवाला माहीत, मला माहीत आणि त्या रेड्याला माहीत.

मी पाण्याच्या पाटावर. पन्हळीतून येणारं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवायचं, मातीचा बांध फोडायचा, दुसरीकडे घालायचा, हे माझं काम. तुम्ही रेड्यामागे गोल गोल. फिरत फिरत माझ्या बाजूला तोंड आलं की तुमचा आवाज बदलायचा. "मेरी रानी, थक गई क्या?" पाठ झाली की नुसती जीभ टाळ्याला लावून चक्‌चक्‌. परत तोंड आलं की, "तेरे बिना बोट पर जी नहीं लगता." रेडा बिचारा मान खाली घालून चालतो आहे. त्याला कसली बोट आणि कसली राणी!

सासूबाई एकदा ओटीवरून म्हणाल्या, "रेड्याला राणी म्हणतो. बोटीवर जाऊन पोर बिघडलं."

मामंजींनी विचारलं, "जान म्हंजे काय रे?"

तुम्ही रेड्याची झापडं चाचपलीत. मग म्हणालात, "जान म्हंजे जनावर, बाबा. मेरी जान म्हंजे माझं जनावर."

मी बांधावर खाली बसले आणि उगाच चिखल चापटत राहिले. हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्हाला वाटलं, कचरा गेला.

मागीलदारी तुळशीपाशी कुणी नसताना तुम्ही हळूच विचारायचात, "रेड्याला काय सांगत होतो, कळलं काय गो?" मी म्हणायची, "मला कशाला कळंल? मी काय रेडा हाय?" तुम्ही डोकं हलवायचात. "अडाणी हायस. पुढल्या खेपेला शिकवीन."

मला शिकवायला निघाला होतात! अहो, माझ्या माहेरी शेजारी नबाबाच्या शिपायाची बायको राहायची. उत्तरेकडून आलेली, मूलबाळ नसलेली. मी तिला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. आई शेतावर गेली की मी तिच्याच ओट्यावर. तिनं माझ्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, ताप आला तेव्हा कपाळावर हात ठेवून बसली, आणि सगळा वेळ बोलत राहिली ते "मेरी बच्ची, मेरी जान". मराठीत मला माझ्या आईनंही कधी असं काही म्हटलं नव्हतं. आई म्हणायची, "जेवलीस काय? मग भांडी घास." तिची माया त्या 'जेवलीस'मध्येच होती, नाही असं नाही. पण खालाची माया उघड्यावर वाळत घातलेल्या साडीसारखी, लांबूनच दिसायची. तुमच्या तोंडून पहिल्या दिवशी ते शब्द ऐकले तेव्हा माझ्या केसांना तेलाचा हात फिरल्यासारखं झालं. मला सगळं कळत होतं. तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण कळलं असं म्हटलं असतं तर तुम्ही लाजून गप्प झाला असतात, आणि मग मी ऐकलं काय असतं? रहाटाची करकर?

तुम्ही पुढल्या फेरीला गेलात, आणि दुसऱ्या दिवशी रेड्यानं पाऊल उचललं नाही. गड्यानं "हैक हैक" केलं, शेपूट पिळली. रेडा ढिम्म. पोफळींच्या झावळ्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. मामंजी स्वतः आले. डोक्याला पागोटं, गळ्यात तुळशीची माळ, ज्यांच्या खाकरण्यानं आळी गप्प व्हायची ते मामंजी. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मी पाटात नजर खुपसली. मग ते रेड्याच्या कानाशी वाकले आणि देवाला गाऱ्हाणं घालावं तशा आवाजात म्हणाले, "चल... चल मेरी जान."

रेडा चालला.

सासूबाई मागच्या दारात सूप घेऊन उभ्या होत्या. सूप तसंच हातात राहिलं. त्यांना अर्थ कळला असेल का? जनावर एवढाच कळला असेल. पण मामंजींचा तो आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. त्या दिवशी मामंजींच्या पानात त्यांनी तूप दोनदा वाढलं. पुढे रोज शिंपण्याच्या वेळी सासूबाईंचं काहीतरी काम मागच्या दारातच निघू लागलं.

असं काही वर्षं चाललं. तुम्ही यायचात, जायचात, मुलगा झाला, रांगायला लागला, तुम्ही त्याला रहाटाच्या दांडीवर बसवून फिरवायचात. मग ती शेवटची खेप. बोट दाभोळकडून येणार म्हणून लोक किनाऱ्यावर निघाले होते. मला यायची मुभा नव्हती. बायकोनं उंबऱ्यापर्यंतच जायचं. तुम्ही काहीतरी विसरल्याचं निमित्त करून परत आलात. माजघरात अंधार होता. म्हणालात, "एकदा म्हण, रेड्याला म्हणतो ते. नुस्तं म्हण, अर्थ कळायला नको. बोटीवर आठवीन."

ओठांवर आलं होतं हो. पण बाहेर मामंजी खाकरले. मी म्हटलं, "आधी शिकवा. आल्यावर."

तुम्ही गेलात आणि मी त्याच दिवशी उत्तर जुळवायला घेतलं. नुसतं मेरी जान नाही, चांगलं खालासारखं, सबंध. भात कांडताना म्हणायची, चूल सारवताना म्हणायची. "आ गए? बहुत राह देखी." तुम्ही दारात पाऊल टाकाल, खांबाला पाणी विचाराल, आणि मी सगळ्यांदेखत म्हणेन. तुमचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे आणून मी चुलीपाशी एकटी हसायची.

तुमच्या बरोबरचा खलाशी आला. ओटीवर बसला, मामंजींशी बोलला. अदनला ताप भरला, तिथल्या तिथं. मग माझ्याकडे न बघता त्यानं तुमची सगळी हकिकत खांबाला सांगितली. मला वाटलं, घराची रीत याला कुणी शिकवली?

माणूस गेलं म्हणून झाडांची तहान थांबत नाही. तुमचे दिवस झाले आणि शिंपणं आलं. मामंजी रेड्यापाशी उभे राहिले, तोंड उघडलं, आणि त्यांना ते बोलवेना. दोनदा प्रयत्न केला. ओठ नुसते हलले. सासूबाई मागच्या दारात होत्या, गडी होता, शेजारीण कुंपणापाशी होती. मी पाटातून निघाले, चिखलाच्या पायांनी तुमच्या जागी जाऊन उभी राहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "बहुत राह देखी. अब चल, मेरी जान. धीरे, धीरे."

रेड्यानं कान हलवले आणि चालू लागला. मामंजी माझ्याकडे पाठ करून पन्हळीची भोकं काथ्यानं बुजवत राहिले. पन्हळीला भोक नव्हतं. त्या दिवसापासून रहाटामागे मीच. रेडा म्हातारा होऊन मरेपर्यंत रोज त्याला ते ऐकवलं. तुमचं उत्तर त्यानं खाल्लं, अहो, पेंडीबरोबर.

नात विचारते आहे, आजी, हे आता पाठवायचं कुठं? म्हटलं, कुठं नाही. घडी घाल आणि फडताळात माझ्या पातळांखाली ठेव. पण आधी एवढं लिही.

आपली वाडी सगळी सावलीची. ऊन पडायचं ते एकाच जागी, विहिरीच्या उजव्या अंगाला, जिथला माड वीज पडून गेला होता. तिथली वाळू दुपारी तव्यासारखी तापायची, आणि तुम्ही फिरत फिरत आलात की म्हणायचात, "धूप में मत खड़ी रह. पाँव जल जाएँगे. छाँव में आ." मी हलायची नाही, कळलंच नाही असं दाखवायची. तुम्ही परत यायचात, परत म्हणायचात. शेवटी चिडून माझ्या शेजारच्या पोफळीला मराठीत ओरडायचात, "अगो, तिकडं सावलीत पाणी तुंबलंय, दिसत न्हाय काय?" मग मी जायची. पाणी कधीच तुंबलेलं नसायचं.

तुम्ही मला अडाणी म्हणालात, बाईला ऊन-सावली कळत नाही म्हणालात. अहो, त्या उन्हात मला काही काम नव्हतं.

मुलगा दर वर्षी म्हणतो, आई, ती जागा मोकळी आहे, तिथं एक माड लावू. मी सांगते, तिथली जमीन बरी नाही, काही रुजायचं नाही. जमीन चांगली आहे.