आमचं जेवण झालं

जेरेमी, हैती, १४ जुलै

प्रिय द्यूसेलदादा,

तिकडे चिलीत तू थंडीने कुडकुडत असशील. इकडे हैतीत मी आणि लेक बऱ्या आहोत. फोन विकला, म्हणून पाद्रीबाबांची भाची तिकडे निघाली आहे, तिच्याबरोबर पत्र धाडते आहे. यंदा नीरफणसाला फळ कमीच. शेवटच्या फोनवर आईचं विचारलंस, सांगते.

आधी मदतवाल्यांचं ऐक. ज्यांची चूल पेटत नाही, त्यांना दर महिन्याला पैसे मिळणार होते. घरं बघायला एक बाई येणार, असा आदल्या दिवशी निरोप आला. आपली आई तुला ठाऊकच आहे. पहाटे अंगण झाडलं, चर्चचा निळा झगा चढवला आणि शेजारच्या सिल्फिदामावशीच्या सगळ्या खुर्च्या, कपबश्या, टेबलावरचं कापडसुद्धा उचलून आणलं. घरात उरलेली कॉफी त्या बाईला पाजली.

"आज काय खाल्लंत?" बाईने विचारलं.

"देवाच्या दयेने पोटभर! तुम्ही घ्या ना आणखी कॉफी."

मी मागून खुणा करत होते, तर आईने डोळे वटारले. नंतर म्हणाली, "परक्या बाईपुढे भुकेचं रडगाणं गाऊ? तुझ्या बापाने कधी गायलं का?"

बाई पुढे मावशीकडे गेली. तिथे बसायलाही काही नव्हतं! आम्ही वगळलो गेलो, मदत मावशीला मिळाली. मी तर हसले, दादा, खरंच हसले.

मावशी मनाची मोठी. भाताचं ताट भरून पाठवायची. पण शेजारणीचं ताट रिकामं परत करायचं नाही, हा आईचा हट्ट. घरात होतं तोवर एखादं केळं, मूठभर वाटाणे घालून पाठवलं. ते संपल्यावर "आमचं जेवण झालं गं" म्हणून भरलं ताट दारातूनच परत करू लागली. नातीला मात्र मावशीकडे जेवायला पिटाळायची.

आई गेली, दादा. मागच्या रविवारी. तापाचं निमित्त झालं, अंगात काही उरलंच नव्हतं. मावशी ऊर बडवत होती, "अगं, एका शब्दाने बोलायचंस की!" मला आईचा राग येतो. रडताना पण येतो.

तुझाही येतो. काम छान आहे, पोटभर जेवतो, असं फोनवर तू दर वेळी म्हणायचास. आता ऐकून सुखावायला आई नाही, तेव्हा मला खरं लिही. काल मीही मावशीला "जेवण झालं" म्हणाले. हे पत्र मिटलं की तिच्या दारात जाऊन सांगणार आहे, भूक लागली आहे म्हणून.

उपाशी,
तुझी धाकटी इवरोज