रोमच्या बाजारातले बाबा

३ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

चार वर्षं घरी पाऊल नाही. कालयंत्रात बसून भलत्याच शतकात गेलास की काय रे?

आईच्या डोळ्यांचं आता काही होणार नाही. नजर फार तर दोन महिने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तिनं एकच धोशा लावलाय. टीव्हीवरच्या त्या जुन्या कालयंत्राच्या मालिकेतला प्राचीन रोमचा भाग तिला बघायचाय. बाबा तिथे कपडे शिवायला होते आणि भाजीवाला होणारा नट आलाच नाही, म्हणून त्यांनाच झगा चढवून बाजारात उभं केलं. मनगटावरचं घड्याळ काढायचंच राहिलं! आपण किती हसलो होतो. बाबांचं चालतंबोलतं असं दुसरं काही आपल्याकडे नाही. तू त्याच टीव्ही केंद्राच्या टेपखात्यात आहेस. तेवढी टेप घेऊन ये ना.

रागव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
चिमणी

१९ जुलै

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. काय लिहू, हात चालत नव्हता.

ती टेप नाही. मीच पुसली. तेव्हा नव्या टेपा परवडत नसत, जुन्या पुसून पुन्हा वापरायचे. बाबांनी मला नोकरीला लावलं आणि आठवड्याभरात तिचा नंबर देऊन म्हणाले, एवढी वाचव. मी मोठ्या शहाणपणानं ती वेगळ्या फळीवर काढून ठेवली. वेगळ्या फळीवरच्याच टेपा पुसायच्या असतात, हे मला कुठे माहीत! संध्याकाळी माझ्याच हातानं पुसली, डब्यावरचा नंबरही न बघता. नंतर बाबांनी विचारलं, ठेवलीस ना? मी हो म्हटलं. ते गेले तरी ते खोटं तसंच राहिलं. घरी न येण्याला कामाचं निमित्त सांगतो ते खोटं गं, त्यांच्या फोटोसमोर उभं राहायची लाज वाटते. आईला कळू देऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच. तुझे मात्र माझ्यावर राहोत.

तुझा,
दादा

८ ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईनं मला वाचायला लावलं. मधला मजकूर गाळायला गेले, तर अडखळले आणि पकडले गेले. मग सगळं वाचलं. मला रडू आवरेना, ती मात्र शांत.

तिला ठाऊक होतं रे. बाबांनी तुला विचारलं, त्याच्या आधीच ते टेपखात्यात जाऊन बघून आले होते. पोरगा नवा आहे, बोलू नकोस, असं घरी येऊन तिला बजावलं. तू हो म्हणालास ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

मी चिडले. म्हटलं, मग माझ्याकडून तीन पत्रं कशाला लिहून घेतलीस? ती म्हणाली, टेपेच्या निमित्तानं तरी तो येईल, नजर आहे तोवर त्याला बघून घेईन.

दादा, परवापासून तिला खिडकीतला उजेडसुद्धा कळत नाही. तरी ये. तू दारात आलास की मी तिला सांगेन.

वाट बघते आहे.

चिमणी