सिस्टरची पात

आई,

“रिटायर झाली का मले कोणी शोधू नका, मी बाईच्या बांधीत असन.” हे तू म्हणालीस तेव्हा मी दहावीत होते. भंडाऱ्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पुस्तक घेऊन बसले होते. तू आणि मावशी जमिनीवर लाखोरीची भाजी खुडत होतात. मंगळवार होता, म्हणजे लसीकरणाचा दिवस, आणि तुमच्या दोघींच्या हातांना स्पिरिटचा वास येत होता. मावशी पवनीकडची. तीही तुझ्यासारखी नर्स, तुझ्या शेजारच्या उपकेंद्रावर. एकाच एसटीने दोघी जायच्यात, एकाच सीटवर बसून यायच्यात, आणि शेवटची बस धरण्याआधी ती आपल्याकडे चहाला थांबायची. तू तिला बाई म्हणायचीस आणि ती तुला सिस्टर. मला मात्र तिला मावशी म्हणायला लावलं होतं. ते मला कधीच आवडलं नाही.

बाबांनंतर त्या घरात आपण दोघीच. माझ्या हिशेबी तू पूर्ण माझी होतीस. नोकरीला मी तुला देत होते, कारण नोकरी परत पाठवत होती. पण त्या संध्याकाळी कळलं की नोकरी संपल्यावर तू माझ्याकडे येणारच नव्हतीस. तुमचं सगळं ठरलेलं होतं. गावाबाहेर तलावाच्या खाली मावशीच्या धानाच्या दोन बांध्या होत्या, बांध घातलेली दोन खाचरं. एक बटाईने द्यायची आणि दुसरीचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, दोघींनीच करायचा, बाया लावायच्या नाहीत. मावशी म्हणाली, “दोघींनी एक बांधी? सहा दिवस लागतीन, सिस्टर.” तू म्हणालीस, “लागू दे न वं. आपल्याले कोणती बस पकडायची आहे?” आणि दोघी इतक्या हसलात की भाजीची परडी कलंडली. मंगळवारी काहीच करायचं नाही, असंही ठरलं. मंगळवारी झोपायचं. दुपारी पवनीला जाऊन घाटावर बसायचं, नदी पाहायची, आणि कोणी नाडी दाखवायला हात पुढे केला तर सांगायचं, आम्ही नर्स नाही, आम्ही धानवाल्या.

मी पुस्तकातून मान न काढता विचारलं, “आणि मी?”

तू माझ्याकडे पाहिलंस. खरंच विचार केलास, तेच जास्त लागलं. मग म्हणालीस, “तू? तू येशील न पाहुणी.”

पाहुणी. त्या रात्री मी जेवले नाही. तू कारण विचारलं नाहीस. सकाळी माझ्या शाळेच्या ड्रेसचा काठ, जो मी आदल्या दिवशी स्वतः शिवला होता, तो तू उसवून पुन्हा घातलेला दिसला. तुझं असंच होतं. रागवायची नाहीस, बोलायची नाहीस, पण माझ्या हातचं वाकडं कधी राहू दिलं नाहीस. मी लाटलेली पोळी पुन्हा गोळा व्हायची, मी घातलेली वेणी दारातून परत बोलावून सोडली जायची. मावशीच्या हातचं मात्र सगळं चालायचं. ती भाजी जाडी चिरायची, तू गप्प खायचीस. मी हे सगळं पाहून ठेवत होते.

माझ्या लग्नात तू मला स्टीलचा सेट दिलास, चांगला, जाड. त्याच आठवड्यात तू भंडाऱ्याच्या बाजारातून पितळेचे दोन गडवे आणलेस, अगदी एकसारखे, आणि दुकानदाराकडून एकावर तुझं नाव घातलंस, एकावर मावशीचं. मला वाटलं, एक रुखवतात ठेवायचा असेल. तू म्हणालीस, “ते बांधीवर न्यायचे आहेत. पितळेत पाणी थंड राहते.” रिटायरमेंटला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं होती, आई. पंधरा वर्षं आधी तू पाण्याची सोय करून ठेवलीस, आणि मी तुझ्या समोर नव्या साडीत उभी होते.

आता खरं लिहायला हवं. तू चौपन्न वर्षांची होतीस. मी माहेरी आले होते, दोन दिवसांसाठी. ओट्यावर एक फॉर्म होता, स्वेच्छानिवृत्तीचा, भरलेला, तुझ्या त्या सरळ अक्षरात. फक्त सही राहिली होती. मावशीने तिचाही भरला होता. “दोघी संगच सोडून राहिलो,” तू म्हणालीस, आणि तुझा चेहरा, काय सांगू, सहलीला निघालेल्या मुलीसारखा झाला होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि बोलायला लागले. बाईच्या जातीने कमावलेली नोकरी मधेच सोडू नये. इतकी वर्षं चिखल तुडवत गावोगाव गेलीस, आता सन्मानाने, हार घालून घेऊन, पूर्ण करून बाहेर पड. मी ग्रंथालयात नोकरीला लागून काही वर्षं झाली होती, असं बोलायची सवय झाली होती. शब्द सगळे चांगले होते. त्यातला एकही तुझ्यासाठी नव्हता. मला फक्त इतकंच दिसत होतं की तू चार वर्षं आधीच तिच्याकडे जाऊन राहिली आहेस.

तू ऐकून घेतलंस. वाद घातला नाहीस. फॉर्मची चार घड्यांत घडी केलीस आणि तांदळाचा डबा उचलून त्याखाली ठेवलीस. “बरं,” म्हणालीस, “दोन-चार वर्षं काय, निघून जातीन.”

ती गेली नाहीत. वीस महिने बाकी असताना मे महिन्यात तू दवाखान्यात तीन दिवस राहिलीस आणि चौथ्या दिवशी आम्ही तुला घरी आणलं ते तसं. दहाव्या दिवशी मी घर आवरायला घेतलं. फॉर्म तांदळाच्या डब्याखालीच होता. त्यावर सही होती. कधी केलीस ते मला ठाऊक नाही. तुझ्या नावाचा गडवा मात्र कुठे सापडला नाही.

आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे. या जुलैत आमच्या ग्रंथालयातले मोठे सर निवृत्त झाले. समोसे आले, शाल आली, आणि मग सगळ्यांचा खेळ सुरू झाला, आपापलं सांगायचा. एकाला गावी घर बांधायचं आहे, एकीला मुलाकडे परदेशात जाऊन सहा महिने नुसतं बसायचं आहे, शिपायाला क्रिकेटचा एकही सामना चुकवायचा नाही. माझी पाळी आली. माझ्या तोंडून निघालं, “मी धान रोवणार. एकच बांधी. सहा दिवस लागले तरी चालतील.” सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, “मॅडम, तुम्ही कधी चिखलात पाय तरी टाकला का?” मीही हसले, पण कान गरम झाले होते. माझ्याकडे स्वतःचं म्हातारपण नाहीच, आई. मी जेव्हा जेव्हा नोकरीनंतरचे दिवस मनात आणते तेव्हा तुमचेच दिवस येतात, तोच घाट, तेच दोन गडवे, तोच मंगळवार. चोरीचा माल मी चारचौघांत माझा म्हणून दाखवला.

पुढच्या रविवारी मी एसटीने मावशीच्या गावी गेले. कित्येक वर्षांनी. न सांगता गेले, म्हणून घराला कुलूप. शेजारणीने तलावाकडे हात केला.

मावशी आता सदुसष्टची आहे. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, पाठीत वाक, आणि तरीही हात असा चालतो की डोळ्याला दिसत नाही. सोबत गावातल्या दोघी बाया. सगळ्या ओळीत वाकून रोप खोचतायत आणि एकेक पाऊल मागे सरकतायत, प्रत्येकीच्या पुढे तिची हिरवी पात वाढत जाते. पण मावशीच्या उजव्या हाताला एका पातीएवढी जागा मोकळी होती. नुसतं पाणी, त्यात आभाळ. मी सलवार वर दुमडली, चप्पल बांधावर, धुऱ्यावर काढली आणि सरळ त्या मोकळ्या जागेत उतरले.

“तिकडे नको, पोरी.” तिने मान वर केली नाही. “ते सिस्टरची पात आहे. इकडे ये, डाव्या हाताले.”

त्या दोघी बायांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी कोणाच्या ताटावर बसले. त्यांना माहीत होतं. गावाला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. मावशी निवृत्त होऊन आली त्या वर्षापासून तुझी पात राखली जाते. दुसऱ्या कोणी तिथे हात लावायचा नाही. बाया गेल्या की मावशी ती एकटी रोवते.

मी डाव्या बाजूला गेले. पाय पोटरीपर्यंत गेले, चिखल कोमट होता. मी रोप धरून दाबलं.

“अवं, इतकं खोल काहून खुपसून राहिली? इंजेक्शन आहे का ते?” मावशी म्हणाली, आणि बाया फिस्सकन हसल्या. “वरच्यावर. बोटाच्या दोन पेरापर्यंत. तुझ्या आईले पहिल्यांदा हेच सांगतलं होतं.”

म्हणजे तू आली होतीस. सुट्ट्या टाकून, मला न सांगता, तू त्या चिखलात शिकायला आली होतीस. मी वाकलेलीच राहिले, म्हणून माझं तोंड कोणाला दिसलं नाही.

चारच्या सुमारास बाया गेल्या. मावशीने गडव्यातून पाणी प्यायलं. धुऱ्यावर दोन गडवे होते, एकसारखे, आणि ती ज्यातून प्यायली त्यावर तुझं नाव होतं. मग ती तुझ्या पातीत उतरली. मी धुऱ्यावर बसून पाहत होते. ती हळू रोवत होती, दिवसभर लावलं तशा वेगाने अजिबात नाही, आणि बोलत होती. ओठ हलत होते, मधेच मान डावीकडे वळत होती, एकदा तर ती मोठ्याने हसली. तू काहीतरी म्हणाली असशील.

ती वर आली तेव्हा मी विचारलं, “काय बोलत होती मावशी?”

“तुले काय करायचं? आमच्या आमच्यातलं आहे.”

मग मी ते विचारून टाकलं जे तेरा वर्षं विचारलं नव्हतं. फॉर्मचं तिला माहीत होतं का? ती पायाचा चिखल गवताने काढत होती. म्हणाली, “मीच आणून दिला होता तो फॉर्म. दुसऱ्या दिवशी बसमधी सांगतलं तिनं, पोरगी नाही म्हणते म्हणून.”

“चिडली होती?”

“ते? खुश होती बाप्पा! म्हणे, नोकरी-बिकरीचं भाषण देऊन राहिली, पण खरं त जळते माझी पोरगी. तुझ्यावर जळते, बाई. दोनदा सांगतलं. पुढच्या थांब्यावर चढलेल्या मास्तरणीले पण सांगतलं.” मावशीने गवताची काडी टाकून दिली. “मले नाही वाटलं खुश. मी माझा फॉर्म फाडला, तिच्या संग सोडीन म्हणून. दोन रोवणे नेले तू आमचे. मी तुले कधी बोलली नाही, आज बोलतो.”

तलावावरून वारा येत होता आणि पाण्यात तुझी पात हलत होती, एका रेषेत, सरळ. मी म्हणाले की पुढच्या वर्षी ही पात मला दे. मी रजा टाकून येईन, दर वर्षी येईन, आणि नोकरी संपली की राहायलाच येईन.

“माझी असती त दिली असती,” मावशी म्हणाली. “तिची आहे. तिलेच विचार.” आणि तुझा गडवा पिशवीत घालून ती पुढे चालू लागली.

म्हणून विचारते आहे. खरं म्हणजे चांगलं काहीतरी लिहायला बसले होते, क्षमा वगैरे. पण मला अजूनही सगळ्यात जास्त हेच टोचतं की तू खुश झाली होतीस ते तू तिला सांगितलंस, बसमधल्या मास्तरणीला सांगितलंस, आणि मला नाही. मी जळते हे तुला कळलं होतं तर एकदा म्हणायचंस. मी तुला त्याच दिवशी सोडलं असतं. सोडलं असतं का? बहुतेक नाही.

हा कागद मी त्या फॉर्मसोबत ठेवणार आहे. तांदळाचा डबा आता माझ्या घरी आहे, खाली जागा आहे. पात तू देणार नाहीस, मला माहीत आहे. पाहुण्यांना कोणी कामाला लावत नाही, असं म्हणशील. पण एक गोष्ट मी मावशीला सांगितलेली नाही. ती पुढे गेल्यावर मी परत उतरले होते आणि धुऱ्याजवळच्या कोपऱ्यात, तुझ्या पातीत, एक रोप लावून आले. खोल गेलं आहे, आणि बाकीच्यांच्या ओळीत नाही. तू ते पाहिलंच असशील, आणि तुझा हात शिवशिवत असेल. एवढं एक, आई, कापणीपर्यंत, वाकडंच राहू दे.