सदतीस अंशांचा कट्टा

२ सप्टेंबर
काम मिळालं. एस्ट्रेला फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमचा आराखडा मी काढणार. पगार नाही, पण अरुडाकाका म्हणाले, स्टेडियम झालं की दारावर पाटी तुझ्याच नावाची, इडालिया रापोझो. काका क्लबचे अध्यक्ष आणि बेकरीवाले. बोलता बोलता दोन गोड पाव हातात ठेवले.
शाळेने यंदानंतर मैदान द्यायला नकार दिला आहे. बंद पडलेल्या कापडगिरणीची जागा नगरपालिकेने दिली तरच क्लब जगेल, नाहीतर छप्पन्न वर्षांचा क्लब डिसेंबरात संपला. मतदान १४ नोव्हेंबरला.
निश्चय : मंजुरी मिळेपर्यंत घरी एक अक्षर बोलायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
घरी सांगितलं. आईने चर्चमधल्या सगळ्या बायकांना फोन करून कळवलं की मुलीचं स्टेडियम होतंय. बाबांनी एवढंच विचारलं, गाडी कुठे लावायची?
मी हसले. घराण्यात पहिली पदवीधर मी. असे प्रश्न येणारच.

५ सप्टेंबर
आपल्या देशात स्टेडियम म्हणजे पार्किंगच्या समुद्रातलं बेट. लोक गाडीतून उतरतात, खुर्चीत बसतात, पुन्हा गाडीत बसतात. युरोपात असं नसतं, मी तिथे राहिलेली आहे (जर्मनी, सहा दिवस, कॉलेजची सहल). डॉर्टमुंडच्या स्टेडियमात एका उतारावर पंचवीस हजार लोक उभे राहतात. उतार सदतीस अंश. मी खाली उभी राहून वर बघितलं आणि रडले. आयुष्यात काय करायचं ते तिथे ठरलं.
आमचा क्लब लहान, म्हणून असा पायऱ्यांचा कट्टा सहा हजारांचाच. सगळे उभे. मैदानापासून दोन मीटरवर. माणसं गल्ल्यागल्ल्यांतून गात चालत येतील.
पार्किंग : शून्य. खुर्च्या : शून्य.

१० सप्टेंबर
शाळेच्या मैदानावर सामना. उपस्थिती मोजली : ३१८. पैकी १४० गाडीतच. आमच्याकडे मैदानाच्या कडेने गाड्या नाक पुढे करून लावतात, काच खाली करून सामना बघतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. बाकीचे शेगडीवर लिंग्विसाचे तिखट सॉसेज भाजतात. बाबा घरून घडीची खुर्ची आणतात, तिच्या हातात पेला ठेवायची जागा आहे.
या लोकांना काय हवंय ते त्यांना अजून माहीत नाही. म्हणून तर आराखडे काढणारी माणसं लागतात.

१९ सप्टेंबर
नगररचना खात्यात मिस प्लंकेट यांना भेटले. त्यांनी विचारलं, गाड्या किती येतील? मी युरोपाबद्दल चाळीस मिनिटं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुमच्या वस्तीतली किती माणसं रविवारी चर्चला चालत जातात? मी आठवून सांगितलं, पाच. त्या म्हणाल्या, आणि चर्च तर कोपऱ्यावर आहे.
चिकाटी हवी. पुठ्ठ्याचं मॉडेल करायला घेते. मॉडेल पाहिल्यावर कोणी नाही म्हणत नाही.

२८ सप्टेंबर
मॉडेलचे चौदा दिवस धरले होते, नऊ गेले. झालंय फक्त दार. पण दार फार सुंदर झालंय.

३ ऑक्टोबर
नवी कल्पना. लोकांना उभं राहायची सवय लावायची, मग ते स्वतःच कट्टा मागतील. शाळेच्या मैदानावर गोलच्या मागे आठ पायऱ्यांचा नमुना बांधला. सदतीस अंश, तडजोड नाही. बाबांनी मासळीच्या कारखान्यातून माल ठेवायचे लाकडी पॅलेट आणून दिले आणि दोन संध्याकाळी खिळे मारले. एकतीस वर्षं ते तिथे मासे कापताहेत, हात पक्का आहे. काम झाल्यावर म्हणाले, पोरी, हे फारच उभं आहे. मी म्हटलं, तसंच असतं, बाबा.

८ ऑक्टोबर
नमुना कट्ट्याचा पहिला सामना. घटनाक्रम लिहून ठेवते, म्हणजे पुढे अभ्यासाला उपयोगी पडेल.
१:०० — लोक आले. घडीच्या खुर्च्या घेऊन.
१:१० — पायऱ्यांवर खुर्च्या मावत नाहीत हे कळलं. पायऱ्यांवरच बसले.
१:१५ — मी उभं राहायची विनंती केली. नॉर्बेर्तो, आमचा ढोलवाला, म्हणाला की तू बस ना गं, मागच्यांना दिसत नाही.
१:४० — सहाव्या पायरीवरचा बर्फाचा डबा सुटला. सदतीस अंश असल्यामुळे वेग चांगला आला. गोलच्या जाळीला मागून जाऊन लागला. जाळी हललेली पाहून गाड्यांनी हॉर्न वाजवले.
गोल दिला नाही. सामना ०–०.
बाबा कट्ट्यावर चढलेच नाहीत. लांब खुर्चीत बसून होते. म्हणाले, मी दिवसाला दहा तास उभा असतो. नोंद : गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी कठडा द्यावा.

१६ ऑक्टोबर
कोणीतरी अर्ज फिरवतंय. नव्या स्टेडियमात बसायची सोय आणि गाड्यांना जागा हवी, असा. अर्ज बेकरीच्या काउंटरवर ठेवलाय, पावांशेजारी. म्हणजे अरुडाकाकासुद्धा. विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईक आहेत बाळ, नाही कसं म्हणू? शिवाय मी तुझ्याच बाजूने आहे, सही सगळ्यांत शेवटी केली.
२१२ सह्या. पहिली सही सेराफिम रापोझो.
या गावात दुसरा सेराफिम रापोझो असणार. शोधते.

१७ ऑक्टोबर
दुसरा नाही.

१८ ऑक्टोबर
बाबांशी बोलायचं नाही असं ठरवलं.

त्याच दिवशी, जेवताना
बोलले. म्हटलं, सगळं जग हसेल मला, माझ्याच बापाची पहिली सही. त्यांनी सूपचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, या देशात येण्याआधी आपल्या बेटावर होतो तेव्हा तेवीस वर्षं सामने उभ्याने पाहिले, पावसात, भिंतीला टेकून. युरोपच होता तो. इथे आल्यावर पहिल्या पगारात खुर्ची घेतली. आई म्हणाली, हो, पलंग नंतर घेतला.
पुढे म्हणाले, तुझं स्टेडियमचं चित्र आम्ही फ्रीजवर लावलंय, ते मी रोज बघतो. सुंदर आहे. पण त्यात मी कुठे आहे ते सापडत नाही.
चित्रात चारशे माणसं आहेत. सगळी उभी. मी ती जर्मनीतल्या फोटोंवरून काढली होती.
उठून मॉडेलला डिंक लावत बसले.

२९ ऑक्टोबर
तडजोड. कट्ट्याच्या कोपऱ्यात चौदा खुर्च्या दाखवल्या. चौदा पुरेत. डॉर्टमुंडची माफी मागितली (मनात).

६ नोव्हेंबर
झोप नाही, भूक नाही. चौदाच्या चाळीस खुर्च्या केल्या. मग चौदा. मग चाळीस. अरुडाकाकांनी बेकरीत सर्वांदेखत विचारलं, काय आर्किटेक्ट बाई, क्लब वाचवताय की कट्टा? सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन पाऊण तास न्हाणीघरात बसले.
कट्टा वाचला तर क्लब वाचेल. हे उलटं लिहून पाहिलं. उलटं जास्त बरोबर वाटलं, म्हणून खोडलं.

१३ नोव्हेंबर
मॉडेल पूर्ण. उद्या भाषण. आरशासमोर सहा वेळा म्हटलं. पाच वेळा रडले नाही.

१४ नोव्हेंबर
बाबा सुट्टी घेऊन आले. कोट घातला होता. सभागृहात खुर्च्या कमी होत्या, त्यामुळे दोन तास भिंतीशी उभे राहिले. माझं भाषण होईपर्यंत हलले नाहीत.
भाषण चांगलं झालं. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात बाबांच्या, आणि त्यांनीच तर पहिली सही केलेली.
निकाल : गिरणीची जागा मंजूर, सात विरुद्ध शून्य. क्लब वाचला. जागेवर दोनशे साठ गाड्यांचं पार्किंग आणि एका शाळेने काढून टाकलेले ॲल्युमिनियमचे बाक. कट्टा नाही. खर्च, उतार, बर्फाचा डबा. डब्याची गोष्ट तिथपर्यंत पोचली होती.
मिस प्लंकेट म्हणाल्या, तुझ्या रेषा फार स्वच्छ आहेत. पार्किंगचे पट्टे आखून देशील का? पगार आहे.

१५ नोव्हेंबर
आखणार नाही.

१७ नोव्हेंबर
आखायला घेतलं. गाड्या तिरक्या लावायच्या, साठ अंशांत. सदतीस चालतील का असं विचारलं. नाही चालत.

३० नोव्हेंबर
पट्टे पूर्ण. दोनशे साठ. फाटकाजवळचा पहिला चौकोन एक फूट जास्त रुंद ठेवला, म्हणजे दार पूर्ण उघडून घडीची खुर्ची काढता येईल. कोणाला सांगितलं नाही.
मॉडेल कचऱ्यात टाकायला काढलं. आईने हातातून घेतलं. म्हणाली, मला हवंय.

२४ डिसेंबर
आईने यंदा येशूजन्माचा देखावा माझ्या स्टेडियमात मांडला. दरवर्षी पुठ्ठ्याचा डोंगर असतो. मैदानात रिवाजाप्रमाणे तेरा तारखेला पेरलेल्या गव्हाची ताटली ठेवली आहे, बोटभर वाढलाय, हिरवागार. मध्यावर गव्हाणी. कट्ट्यावर आजीच्या वेळची मातीची माणसं : मेंढपाळ, कोळीण, गिरणीवाला, पावा वाजवणारा. सकाळपासून अर्धी गल्ली येऊन बघून गेली. सगळे म्हणाले, दार काय सुंदर आहे.
आईने विचारलं, तीन राजांचे उंट कुठे बांधू? जागा नव्हती. पार्किंग मी ठेवलंच नव्हतं. उंट टीव्हीच्या डोक्यावर उभे केलेत.
दुपारी बाबांनी काडेपेटी कापून काहीतरी केलं. आत्ता पाहिलं. सर्वांत वरच्या पायरीवर, खाली पुठ्ठ्याची पाचर मारून, एक खुर्ची. तिच्यावर म्हातारा मेंढपाळ. मातीचा असल्यामुळे तो वाकत नाही, नुसता टेकवलाय. कट्टा फार उभा आहे, तरी पडला नाही. तीनदा जाऊन पाहिलं.
उपस्थिती : एकोणीस. उभे अठरा.