गोदाकाकूंच्या बरण्या

१५ नोव्हेंबर, शनिवार

बोटं डिंकाने चिकटलीयेत, पेन धरवत नाही. सगळा दोष गोदाकाकूंचा! सकाळी वरच्या मजल्यावरून पिशवीभर रिकाम्या बरण्या घेऊन उतरल्या. कॉफीच्या, लोणच्याच्या, मधाची एक. "दिवाळीला तू बाटलीत दिवा लावलीस की नाही, तसं हे अस्की कर." अस्की म्हणजे सगळं, एवढं त्यांचं तंजावरी मराठी आता मला कळतं. बाकीचं निम्मं अंदाजपंचे.

घरमालकीणबाईंना नाही कसं म्हणायचं? दिवसभर बरण्यांच्या गळ्यांना सुतळी गुंडाळत बसले. वर तारेची कडी, तळाला वाळू, वाळूत पणती. दिसतात मात्र झकास, अगदी गावाकडच्या! विजेची माळ घालू का विचारलं तर, "वात पाहिजे, वात!" एक बुटकी, रुंद तोंडाची बरणी होती, सगळ्यांत छान. तेवढीच परत घेतली. "ही नको. ह्यात प्राणेशच्या गोट्या होत्या." प्राणेश म्हणजे त्यांचा मुलगा. कुठे असतो विचारलं तर पिशवी झटकत वर गेल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून इथला तमिळ कार्तिक महिना. गल्लीत प्रत्येक उंबऱ्यावर पणत्या. आमच्याच दारात काळोख — पोर्चमध्ये नुसता रिकामा होल्डर. बल्ब का नाही, हे कोणी सांगत नाही.

संध्याकाळी बरण्या पोर्चच्या गजाला टांगल्या. काकू म्हणाल्या, दिवा उंबऱ्यावर बसतो, टांगायचा कशाला? झालं, मी लागले भाषण द्यायला! आमच्याकडे आकाशकंदील उंच टांगतात, लांबून येणाऱ्याला आपलं घर ओळखू यावं म्हणून. खरंच म्हणून टांगतात का, देव जाणे. पण सांगितलं ठासून. वरच्या खिडकीत काकूंचे यजमान, नारायणस्वामीकाका, पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. काकू तडक वर निघून गेल्या.

काय चुकलं माझं?

१८ नोव्हेंबर

बरण्या गायब!!

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल नवीन दोन केल्या. दिवेलागणीला टांगल्या, कुकर लावून बाहेर येते तर गजाला नुसती तार! काच फुटल्याचा आवाज नाही, खाली एक तुकडा नाही. नवरा, देवेश, रोज लांब गुम्मिडिपूंडीच्या कंपनीतून दमून येतो, त्याला सांगितलं तर म्हणे मांजर असेल. तारेची कडी सोडवणारं मांजर! इंजिनियर म्हणे.

काकूंना विचारलं तर, "अजून बरण्या देते." कोण नेतं, ते नाही. अजून बरण्या!

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज कळलं. कळलं म्हणजे डोकं आणखीच फिरलं.

काकू वातींसाठी पुडीभर कापूस घेऊन आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवरच बसल्या. सांगितलं ते असं: प्राणेश आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात कायम नोकरीत होता. काकांचीही जन्मभर तिथेच नोकरी. याने घरी न विचारता राजीनामा दिला, गाणाऱ्यांच्या ग्रुपबरोबर मृदंग वाजवत फिरायला लागला. भांडण झालं. काका म्हणाले, ह्या घरातला दिवा तुझ्यासाठी नाही — आणि स्टुलावर चढून बल्ब काढला. तीन वर्षं झाली. फोन नाही, काही नाही. त्याचं नाव घरात निघत नाही.

"आवणी महिन्यात, दोन-तीन महिन्यांमागे, फुलवालीने पाहिलं. कोपऱ्यावरच्या बसस्टॉपावर उभा होता मणे. घराकडे पाहत. काळोख पाहून परत गेला." मग माझा हात धरून, "मी दिवा लावले तर हे विझवतील. भाडेकरू पोरीने लावले तर कसे बोलतील? ह्यांना सांगू नको हां."

म्हणजे मी पुढे केलेलं बाहुलं! आधी राग आला. नंतर त्या वाती वळत बसल्या, आणि राग टिकला नाही.

म्हणजे बरण्या काकाच नेतात. नक्कीच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जिन्यात काका भेटले. "अग्रिमेंट डिसेंबरात संपतं. लक्षात आहे?" आणि चालू लागले.

देवेश म्हणाला, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सांगितल्या होत्या कोणी?" बरोबर आहे त्याचं. पण मग काकूंना काय सांगू? दिवे लावावेत तर घर जाणार, न लावावेत तर त्या बाईचा जीव जाणार. काही सुचत नाही. बरं, काकांना राग आहे तर सरळ ओरडत का नाहीत? चोरासारखं काय न्यायचं!

टांगली. आजही टांगली एक.

तीही गेली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काकू आज रिकाम्या हाताने आल्या. "पुरे झालं ग. नेऊन फोडत असतील. आता त्यांच्या मनात पोरगा नाही, मला कळलं." डोळे कोरडे. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

आज काही टांगलं नाही. पोर्चकडे बघवेना.

१ डिसेंबर, सोमवार

स्वयंपाक राहिलाय. पण लिहून टाकते.

दुपारी पाऊस थांबला. संध्याकाळी वरची टाकी भरून वाहायला लागली, धो धो. काकूंचे गुडघे गेलेत, त्या गच्चीवर चढत नाहीत. काका घरात नव्हते. मोटर बंद करून मीच वर गेले, कधी नव्हे ती गच्ची उघडी.

कठड्याच्या लोखंडी पाइपला माझ्या बरण्या. सगळ्या! ओळीने टांगलेल्या, काजळी पुसलेल्या. वर पावसासाठी पत्र्याची पट्टी. आणि काका, हातात काडेपेटी, एकेक पेटवत.

मी दारातच थांबले. तेच बोलले, माझ्याकडे न बघता. "खाली ठेवले तर नीमाच्या झाडाआड जातात. बसस्टॉपावरून दिसत नाहीत. मी जाऊन पाहिलो."

म्हणजे फुलवालीने त्यांनाही सांगितलं होतं! तेव्हापासून त्यांना माहीत!

"तूच बोललीस की, उंच टांगलं तर लांबून ओळखू येतं मणून."

मी म्हटलं, काका, मग काकूंना का नाही सांगितलंत? त्यांनी दोन काड्या ओढल्या, ओल्या होत्या. "बल्ब मी काढलो. कुठल्या तोंडाने सांगू? पोराला विसरायचं मणून ती गप्प आहे. मी आठवण कशाला काढू?"

जाताना म्हणाले, "अग्रिमेंट वाढवू. उगे घाबरू नको. तिला सांगू नको हां."

दोघंही मलाच सांगतात, सांगू नको!! मी काय करू? एकाच घरात राहतात हो ही माणसं!

३ डिसेंबर, बुधवार — कार्तिगै दीपम, इथली दिव्यांची मोठी रात्र

कोणालाच काही सांगितलं नाही. काकूंना फुलं आणायच्या निमित्ताने धरून धरून बसस्टॉपपर्यंत नेलं आणि म्हटलं, आता मागे वळून घराकडे बघा.

नीमाच्या वर, गच्चीच्या कठड्याला ओळीने दिवे; काकूंनी बोटाने एकेक मोजला. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "गोट्यांची बरणी आहे घरात. ह्यांना सांग, तीही टांगा मणून. नको — मीच सांगते."